भाषणाचे दागिने

आपल्या चळवळीला वक्त्यांचा तोटा कधीच नव्हता. १४ एप्रिल जवळ आला की गल्लोगल्ली मांडव पडतो, मांडवात माईक येतो आणि माईकसमोर उभा राहणारा जो तो निखारा होतो. कुणी ज्वालामुखी, कुणी वणवा, कुणी वादळ. निवेदकसुद्धा वक्त्याला ‘मुलुखमैदान तोफ’ म्हटल्याशिवाय बोलवत नाही. एवढी आग दरसाल ओकली जाते, तरी गावकुसाबाहेरचा अंधार आहे तिथंच आहे. मग ही आग जाते कुठं?

हा प्रश्न मी मस्करीत विचारत नाही. कवितेची समीक्षा आपण करतो. कथेची करतो. आत्मकथनांवर तर चर्चासत्रं झडली. भाषणाची समीक्षा मात्र कुणी करायला तयार नाही. भाषण म्हणजे बोलून झालं, हवेत गेलं, टाळ्या पडल्या, संपलं. पण आपल्या वस्तीत पुस्तक पोचायच्या आधी भाषण पोचलं होतं. ज्या माणसाला अक्षरओळख नव्हती त्यानं भाषण ऐकून मेलेलं ढोर ओढायचं सोडलं आणि पोरगं शाळेत घातलं. आपलं पहिलं साहित्य भाषण आहे. मग त्याला कवितेपेक्षा सैल माप का लावायचं?

या बाबतीत आपल्यात दोन मेळ आहेत. एक मेळ म्हणतो, अलंकार-बिलंकार हा सगळा सदाशिवपेठी चाळा आहे; आपण बापडे सरळ बोलणारे. दुसरा मेळ वक्तृत्वस्पर्धेत ढाल मिळवून आलेला असतो. त्याला कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, कुठं शेर टाकायचा हे पाठ असतं. मला दोन्ही मेळ मान्य नाहीत.

पहिल्या मेळाला मी एवढंच सांगतो, की नळावर भांडणारी आपली म्हातारी ऐका. ती एकच शब्द चारदा फिरवून मारते. समोरचीला उत्तर नसलेला प्रश्न विचारते. ‘तुझ्या दारी सोन्याचा नळ बसला तरी पाणी ह्याच टाकीचं हाय गं’ असं म्हणून अख्ख्या गर्दीला हसवते. पुनरुक्ती, प्रश्न, उपरोध, दृष्टांत, सगळं त्यात आलं. ते तिला कुठल्या शास्त्र्यानं शिकवलं नाही. सत्यशोधक जलशांनी आणि पुढं आंबेडकरी जलशांनी हेच सवालजबाब उचलून पोथीवाल्यांना घाम फोडला. तेव्हा बोलण्याची हिकमत ही आपलीच मिळकत आहे. ती दुसऱ्याची म्हणून टाकून देणं हा शहाणपणा नव्हे.

दुसऱ्या मेळाशी माझं भांडण जास्त आहे. त्यांच्यासाठी मला महाडला जावं लागेल.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, हे आपल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याच मुक्कामात बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, हे आपण जरा कमी सांगतो. त्यांनी स्वातंत्र्यावर प्रवचन झोडलं नाही. लुगडं कसं नेसता ते पाहा म्हणाले. गळ्यातल्या माळांचं आणि हातातल्या गोटपाटल्यांचं ओझं ही तुमच्या अस्पृश्यपणाची ओळख झाली आहे, ती ओळख पुसा, असा त्यांचा मुद्दा होता. दागिना म्हणून दागिन्याला विरोध नव्हता. जो दागिना गुलामीची खूण आहे तो उतरवा, एवढं ते सांगत होते.

मला भाषणाच्या समीक्षेचं माप इथं सापडतं. वाक्याच्या अंगावर दागिना आहे की नाही हे मी बघत नाही. तो दागिना काय काम करतो हे बघतो. ऐकणाऱ्याच्या हातात घरी जाताना काही पडलं का? की तो फक्त वक्त्याची श्रीमंती बघून आला?

आता एकेक दागिना उतरवून तपासू.

पहिला दागिना प्रश्नाचा. आपल्या सभेतला ठरलेला प्रश्न असा : ‘हा अन्याय आपण सहन करायचा का?’ सभा ओरडते, नाही! ‘आपण गप्प बसायचं का?’ नाही! पाच मिनिटं हे चालतं. वक्त्याला वाटतं सभा जिंकली. पण या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला काहीच पडत नाही, तो प्रश्न नसून टाळीची मागणी आहे.

आता १९३६ सालचा मे महिना घ्या. येवल्याची घोषणा होऊन, म्हणजे १३ ऑक्टोबर १९३५ नंतर, सात-साडेसात महिने झाले होते. मुंबईला दादर भागात महार परिषद भरली. तिथलं भाषण पुढं ‘मुक्ती कोन पथे?’ या नावानं छापलं गेलं. त्यात प्रश्नांची एक माळ आहे. सगळे प्रश्न एकाच साच्यात बांधलेले. पण दर प्रश्नात वस्तू वेगळी. एकात देऊळ आहे, एकात पाणी, एकात शिक्षण, एकात नोकरी. समोर बसलेल्या गिरणीकामगाराला, गोदीतल्या माणसाला, कोकणातून आलेल्या पेन्शनर शिपायाला त्यातली एक ना एक गोष्ट स्वतःच्या अंगावर आठवणारच. म्हणजे प्रश्न वक्त्याचा आणि पुरावा ऐकणाऱ्याचा. आणि उत्तर ‘नाही’ म्हणून ओरडण्यात संपत नाही. उत्तर द्यायचं तर धर्म सोडावा लागतो. घर, सोयरीक, जत्रा, देव्हारा, सगळ्याचा फेरविचार करावा लागतो. असा प्रश्न माणसाला रात्री झोपू देत नाही.

त्याच भाषणात एक दृष्टांत आहे. नावाड्याला प्रवासाची तयारी करायची असते, पण किती उतारू येणार हे कळल्याशिवाय तो तयारी कशी करील, असा त्याचा आशय. तुम्ही किती जण यायला तयार आहात ते मला कळलं पाहिजे, हे त्यांना विचारायचं होतं. बघा, या उपमेत पुढारी कोण आहे? नावाडी. वादळ नाही, सूर्य नाही, सिंह नाही. होडी हाकणारा एक कामाचा माणूस, आणि तोही उतारूंवर अवलंबून. उपमेनं ऐकणाऱ्यावर जबाबदारी टाकली. आपल्या उपमा ऐकणाऱ्याची जबाबदारी काढून घेतात.

हा दुसरा दागिना, मोठेपणाच्या उपमेचा. आचार्य अत्र्यांची दहा हजार वर्षांची अतिशयोक्ती महाराष्ट्राला ठाऊक आहे. अत्र्यांना ती शोभली, कारण ती त्यांची होती आणि तिच्यात त्यांचा विनोद होता. आपण ती उसनी घेतली आणि विनोद तिथंच ठेवला. आता आपल्या सभेत बाबासाहेब सूर्य, महासूर्य, विश्वसूर्य. सूर्यापुढं माणसानं करायचं काय? हात जोडायचे. आणि ज्यानं २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत उभं राहून राजकारणातल्या भक्तीपासून देशाला सावध केलं, त्याच माणसाची भक्ती आपण यमकात बांधतो! धर्मात भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडं आणि हुकूमशाहीकडं नेते, हा त्या इशाऱ्याचा अर्थ होता. तो इशारा आपल्या वक्त्यांनाही लागू आहे.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी मोठी उपमा कधी वापरली नाही का? वापरली. महाडच्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, त्यांनी आपल्या सभेची तुलना १७८९ साली फ्रान्समध्ये व्हर्सायला भरलेल्या सभेशी केली. कुठं व्हर्साय आणि कुठं महाड! पण तुलना करून ते थांबले नाहीत. फ्रान्सची तेव्हाची अवस्था काय होती, तिथं जमलेल्यांनी काय ठरवलं, त्यातलं आपल्याला काय घ्यायचं, हे त्यांनी उलगडून सांगितलं. उपमेनं उंच कोण झालं? मांडवात बसलेली माणसं. वक्ता आहे तिथंच राहिला. माझ्या लेखी खरी आणि खोटी उपमा ओळखायची खूण हीच : उपमेनं उंची कुणाची वाढली ते बघा.

तिथंच आणखी एक हिकमत आहे. चवदार तळ्याचं पाणी प्यालो म्हणजे आपण अमर होणार असं नाही, आणि आजवर प्यालो नाही म्हणून काही मेलो नाही, असं त्यांनी आधी सांगून टाकलं. मग तळ्यावर कशाला जायचं? इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला. आधी चुकीचं कारण बाजूला काढलं, मग खरं कारण ठेवलं. म्हणजे उद्या कुणी ‘पाणी काय दुसरीकडं मिळत नाही का?’ म्हणून खिजवलं तर ऐकणाऱ्याकडं उत्तर तयार. भाषण ऐकून आलेला माणूस चावडीवर एकटा वाद घालू शकला पाहिजे. आपल्या किती भाषणांनी माणूस असा तयार होतो?

तिसरा दागिना विरोधाचा. ‘त्यांच्या घरी दिवाळी, आमच्या घरी होळी.’ ‘ते महालात, आम्ही हालात.’ यात नाद आहे, दुसरं काही नाही. हेच वाक्य कुठल्याही गावात, कुठल्याही साली, कुठल्याही पक्षाच्या माईकवर चालतं. घटना समितीतल्या त्याच भाषणात विरोध कसा मांडला ते पाहा. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात शिरणार आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल. तारीख आहे. दोन्ही बाजू तपासता येतात. एकीकडं एक माणूस एक मत, दुसरीकडं माणसाच्या किमतीत फरक. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेनं पोळलेले लोक हीच लोकशाही उधळून लावतील, असा पुढचा टप्पाही दिला. विरोध म्हणजे काय, तर एकमेकींशी न जुळणाऱ्या दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवणं. नुसते दोन जुळणारे शब्द शेजारी ठेवणं हा पोरखेळ आहे.

चौथा दागिना तीन शब्दांचा. तीनात एक ठेका असतो, माणसाच्या तोंडात बसतो. आपली सगळ्यात मोठी घोषणा तीनाची आहे. आपण म्हणतो, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत बाबासाहेब इंग्रजीत बोलले तेव्हा क्रम होता एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ. शिका, चेतवा, संघटित व्हा. त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या मजूर चळवळीत हे तीन शब्द फिरत होते. मराठीत येताना मधला शब्द शेवटी गेला. ‘सं’ला ‘सं’ जुळला, ठेका छान बसला. मी घोषणा बदला म्हणत नाही. लाखो लोकांच्या कष्टानं ती आता खरी झाली आहे. पण कार्यकर्त्यानं दोन्ही क्रम समजून घ्यावेत. चेतवणं आधी आणि संघटना नंतर, याचा अर्थ शिकलेल्यानं स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या डोक्यात खळबळ करायची आणि त्या खळबळीतून संघटना बांधायची. चेतवणं हे संघटनेच्या अलीकडचं काम आहे. आपले वक्ते चेतवतात आणि संघटनेच्या वेळी गाडीत बसतात.

पाचवा दागिना सर्वनामाचा. याला दागिना कुणी म्हणत नाही, इतका तो साधा आहे. ‘आपण’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’. फ्रेडरिक डग्लस हा अमेरिकेतला गुलाम. पोरवयात त्यानं पन्नास सेंट देऊन गाजलेल्या भाषणांचं एक पुस्तक विकत घेतलं. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता. गुलाम मुद्द्यानं बोलून मालकाला निरुत्तर करतो आणि सुटतो. १८३८ साली डग्लस पळाला. पुढं ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टर गावी गोऱ्या लोकांनी त्याला स्वातंत्र्यदिनानिमित्त बोलायला बोलावलं. त्यानं आधी त्यांच्या पूर्वजांचं कौतुक केलं. पण सबंध भाषणात राष्ट्र ‘तुमचं’, स्वातंत्र्य ‘तुमचं’, सण ‘तुमचा’. एका सर्वनामानं त्यानं सभेतली भिंत सभेला दाखवली. आपल्याकडं १९७२ च्या १५ ऑगस्टला ‘साधना’त राजा ढाल्यांचा काळा स्वातंत्र्यदिन छापून आला तेव्हा महाराष्ट्र का खवळला? दुसऱ्यांच्या सणाच्या दिवशी, त्यांच्याच अंकात, हा सण तुमचा आहे असं कुणीतरी म्हटलं म्हणून.

आपल्या सभेत मात्र ‘आपण’ हा शब्द फार स्वस्त झाला. वक्ता म्हणतो ‘आपण मरायला तयार आहोत.’ आपण म्हणजे कोण रे बाबा?

हे मी का विचारतो ते सांगतो. मराठवाड्यातल्या एका गावात मारहाण झाली होती. कारण नेहमीचंच, पोरांनी मिरवणूक काढली. निषेध सभेला शहरातून चार वक्ते आले. मी सतरंजीवर मागं बसलो होतो. एक वक्ता म्हणाला, ईट का जवाब पत्थर. दुसरा म्हणाला, गावाची राखरांगोळी करू. टाळ्या पडल्या, पोरं उठून नाचली. पलीकडं पाराजवळ गावातली माणसं उभी राहून सगळं ऐकत होती. साडेदहाला जीप गेली. वस्तीत तेहतीस घरं उरली आणि त्या घरांतल्या बायांना सकाळी त्याच गावाच्या रानात खुरपायला जायचं होतं. शेजारची म्हातारी मला म्हणाली, ‘त्ये बोलून गेले, आता आमी कुटं जावं?’ या वाक्यात एकही अलंकार नाही. आणि आपल्या वक्तृत्वाची याहून कडक समीक्षा मी आजवर वाचलेली नाही.

भाषणाला धाडस लागतं हे खरं. पण धाडस पेटवण्यातच असतं असं कुणी सांगितलं? २० मार्च १९२७ ला तळ्यावरून परतल्यावर महाडात आपल्या माणसांवर हल्ला झाला. डोकी फुटली. चिडलेली माणसं बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होती. त्यांनी शांत राहायला सांगितलं. डिसेंबरात हजारो माणसं सत्याग्रहाला तयार होऊन आली, तर कोर्टाचा मनाई हुकूम आलेला. पुढं जाऊ म्हणणारे वक्ते मांडवात होते, त्यांना टाळ्याही होत्या. तरी कारणं समजावून सत्याग्रह तहकूब केला, शिस्तीत मिरवणूक काढली आणि खटला लढवला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं लागली. पेटलेल्या सभेला समजावून घरी न्यायचं आणि तरी तिचा कणा मोडू द्यायचा नाही, याहून अवघड भाषण मला माहीत नाही. आपल्या वक्तृत्वस्पर्धेत त्याला कितवा नंबर मिळाला असता?

उपरोधाचंही असंच. मेलेली ढोरं ओढणं सोडायला सांगितलं तेव्हा लोक त्यांना हिशोब दाखवू लागले, की कातडं, शिंगं, हाडं यांचं एवढं उत्पन्न तुम्ही बुडवता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी हा वाद सांगितला. उत्तर काय, तर एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या की, कुणी अडवलंय? सभा हसली असेल. पण हसता हसता इज्जत मोठी की फायदा मोठा, हे प्रत्येकाला कळलं. विरोधकाचाच हिशोब त्याच्या हातात परत ठेवला. आपला उपरोध म्हणजे विरोधकाच्या आडनावावर कोटी.

आता तर नवीन रोग आलाय. भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाईलवर फिरतो, म्हणून वक्ता अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडेच बोलतो. समोरची सभा त्याला दिसतच नाही.

मग पुनरुक्ती करू नये का? करावी, दणकून करावी. मारहाण झालेल्या गावात उभं राहून सांगावं : फिर्याद लिहून झाली की ती वाचून दाखवायला लावा आणि नक्कल घ्या. नक्कल फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, म्हणून नक्कल घ्या. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं लागली का ते बघा आणि नक्कल घ्या. तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याकडं देता येत नाही, तो कुणाकडं आहे ते विचारा आणि नक्कल घ्या. यात कविता नाही. पण चारदा ऐकल्यावर ती म्हातारीसुद्धा फौजदारापुढं म्हणेल, नक्कल द्या. माझ्या मते हा अलंकार कामाला लागला.

तरुण मित्रांनो, महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांची मराठी भाषणं खंड १८ च्या तीन भागांत छापली आहेत. ती जयंतीला हार घालायला कपाटात ठेवू नका. एकेक भाषण घेऊन बसा. कुठं प्रश्न विचारला, का विचारला, समोर कोण बसलं होतं, कुठं आवाज खाली घेतला, शेवटी काय करायला सांगितलं, हे वहीत लिहा. आणि येत्या १४ एप्रिलला तीच वही घेऊन आपल्या वक्त्यांपुढं बसा. भाषण संपलं की उठून विचारा : साहेब, उद्या सकाळी आम्ही काय करायचं? वक्ता चिडला तर चिडू द्या.

माझं म्हणणं पटत नसेल त्यांनी विरोधात लिहावं. मात्र लिहिताना एक पथ्य पाळावं : आग, वणवा, ज्वालामुखी आणि सूर्य हे चार शब्द सोडून लिहावं.

जय भीम.